बिर्लाला उतरण्याआधी

फोंडा, गोवा
श्रावण

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

कुठ्ठाळी सोडून बस वास्कोच्या रस्त्याला लागली की कंडक्टर 'बिर्ला' म्हणून ओरडतो. सांकवाळच्या त्या पठाराला कागदोपत्री झुआरीनगर म्हणतात, पण बसमध्ये ते नाव कुणी घेत नाही. तू शिकायला चालली आहेस तो बिट्स पिलानी या अभियांत्रिकी संस्थेचा गोवा कॅम्पस 2004 पासून तिथे आहे, सुमारे 180 एकरांत. घर तासाभरावर असलं तरी तुला हॉस्टेललाच राहायचं आहे, आणि ते बरंच आहे. एक मात्र कर: पहिले दोन महिने दर शुक्रवारी पिशवी उचलून फोंड्याची बस धरू नकोस. ट्युटोरियलची, म्हणजे छोट्या गटाच्या सरावतासाची, सोबत आणि क्लबची निवड ही सगळी जमवाजमव शनिवार-रविवारीच होते. घरी पळणारी मुलं यातून बाहेर राहतात आणि दिवाळीनंतर आपण एकटं का पडलो म्हणून विचार करत बसतात.

तिथे हजेरीची सक्ती नाही. बारावीपर्यंत 75 टक्क्यांच्या धाकात वाढलेल्या मुलांना ही चैन वाटते आणि ती सकाळी आठचं लेक्चर झोपेला वाहतात. लेक्चर बुडालं तर एकवेळ भरून काढता येतं. ट्युटोरियलला मात्र न सांगता छोटी क्विझ होऊ शकते, आणि ते गुण गेले ते गेले. म्हणून सेमिस्टर सुरू होताच प्रत्येक कोर्सचा हँडआउट उघड. क्विझला किती गुण, मिडसेमला म्हणजे मधल्या परीक्षेला किती, काँप्रीला म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला किती, कोणती परीक्षा पुस्तक उघडं ठेवून आणि कोणती बंद, चुकलेल्या परीक्षेच्या मेकअपचा नियम काय, सगळं त्यात असतं. तारखा वहीच्या पहिल्या पानावर उतरव. मोबाईलमध्ये ठेवलेली तारीख शंभर नोटिफिकेशनखाली गाडली जाते.

ग्रेडचं गणित एकदा नीट समजून घे, कारण इथेच हुशार मुलं गडबडतात. ए म्हणजे 10, ए-मायनस 9, बी 8, बी-मायनस 7, सी 6, सी-मायनस 5, डी 4 आणि ई 2. प्रत्येक कोर्सला युनिटं असतात आणि गुणांक युनिटाने गुणायचा. समज, 4 युनिटच्या गणितात बी, म्हणजे 32. 3 युनिटच्या विषयात सी, 18. एका युनिटच्या प्रॅक्टिकलला ए, 10. झाले 8 युनिटांचे 60, म्हणजे सरासरी 7.5. आता गणितात बीच्या जागी सी आला तर एकदम 6.5. प्रॅक्टिकलचा ए थेट सीवर घसरला तरी 7 राहतो. रात्र जागायचीच असेल तर कोणत्या विषयासाठी, हे यावरून ठरव.

ग्रेड बहुतेक वर्गाच्या सरासरीशी ताडून देतात. मिडसेमला 60 पैकी 24 मिळाले तर नव्वदीत वावरलेल्या मुलीला रडू येईल. आधी वर्गाची सरासरी बघ. ती 19 असेल तर तू बऱ्या जागी आहेस, 35 असेल तर त्याच दिवशी उत्तरपत्रिका घेऊन सरांना भेट. पेपर दाखवतात तेव्हा जाऊन बघायचाच, गुणांची बेरीज चुकलेली असू शकते. एका सेमिस्टरला एकापेक्षा जास्त ई आले किंवा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून हीच सरासरी, 4.50 च्या खाली गेला तर प्रकरण ॲकॅडेमिक कौन्सेलिंग बोर्डाकडे, म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडे, जातं.

तुझी गोष्ट आणखी वेगळी. तू एम.एससी. गणिताला आहेस, तिथे जोडीने बी.ई.ची दुसरी पदवीही करता येते, आणि त्या बी.ई.ची शाखा पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवरूनच मिळणार. पहिल्या सेमिस्टरला 6.5 पडले आणि दुसऱ्याला जीव तोडून 8.5 केलेस, तरी सारखी युनिटं धरली तर हातात 7.5 च येतात. रांगेत तोच आकडा बघतात, तुझी सुधारणा नाही. बाकीच्या शाखांची मुलं पहिलं सेमिस्टर 'लाईट' घेतील. त्यांची शाखा ठरलेली आहे, तुझी नाही.

परीक्षेच्या दिवशी ताप आला तर खोलीत पडून राहू नकोस. आधी मेडिकल सेंटर, तिथला कागद, आणि परीक्षा सुरू होण्याआधी त्या कोर्सच्या इन्स्ट्रक्टर-इन-चार्जना ईमेल. नंतर गेलेला अर्ज खरा असला तरी बहाण्यासारखा दिसतो.

क्लब दोनच घे, एक आवडीचा आणि एक अगदी अनोळखी. वेव्ह्ज, क्वार्क, स्प्री या तिन्ही महोत्सवांच्या कामात पहिल्या वर्षाची मुलं हमालासारखी राबतात. मजा असते, पण काँप्रीच्या तोंडावर 'नाही' म्हणायला शीक.

मेसमध्ये देशभरातली मुलं जेवतात, त्यामुळे तिथलं जेवण कुणालाच पुरतं आपलं वाटत नाही. आपल्या शीत-कडीची, भात-आमटीची, आठवण येईल. मासे मात्र घरी आलीस की.

पठारावरचा पाऊस आडवा येतो. भिंतीला टेकलेल्या कपाटात कपड्यांना बुरशी धरते, म्हणून कपाट चार बोटं पुढे ओढ, अर्धवट वाळलेलं काही आत घडी करू नकोस आणि ऊन पडलं की दार उघडं ठेव. सुती चादरीपेक्षा जाड टॉवेल आधी कुबट होतो. पातळ पंचे दिले आहेत, तेच वापर.

बाहेरच्या राज्यांतल्या मैत्रिणी तुला गोव्याची म्हणून वाटाड्या करतील. बोगमाळोच्या किनाऱ्यावर ने, पण पावसाळ्यात पाण्यात कुणाला उतरू देऊ नकोस. भाड्याची स्कूटर काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्यायची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण पोलिसांनी अडवलं तर दंड, आणि अपघात झाला तर विम्याचा वांधा.

कुणी त्रास दिला, 'ओळख करून घेतोय' म्हणत का होईना, तर वॉर्डनना सांग. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522, मन फारच बसलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416. दोन्ही नंबर आजच फोनमध्ये घाल.

चवथीला, गणपतीला, येशील तेव्हा ओले बूट पिशवीत कोंबू नकोस. त्यात वर्तमानपत्राचे बोळे भर आणि प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत घाल. गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायला बाबांना तुझी उंची लागते, तेव्हा आदल्या दिवशी दुपारपर्यंत ये.

तुझी,
आई