पुरात बुडालेली गाडी आरसी बुकात कोरडीच

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या तोंडावर जुनी गाडी घेताना काय काय बघावे, यावरचा लेख आपल्या अंकात वाचला. टायर, क्लच, धूर, डेंटिंग-पेंटिंग, सगळे बरोबर लिहिले आहे. पण हे सगळे बघून गाडी घेतली आणि तरीही फसलो, असा माणूस आपल्याला पत्र लिहितो आहे. त्यात तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षे काढून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. म्हणजे लाजच.

गाडी माझ्या भाच्याची. जानेवारी २०२५ मध्ये त्याने २०२० ची एक पेट्रोल हॅचबॅक पसंत केली, एमएच १२ पासिंग. मला बघायला नेले. जुन्या गाड्या विकून देणारा कन्सल्टंट म्हणाला, "मामा, डॉक्टरांची गाडी आहे. घर ते दवाखाना, एवढीच चाललीय." जुन्या गाड्यांच्या बाजारात दर दुसरी गाडी डॉक्टरांचीच असते आणि ते डॉक्टर कधी गावाबाहेर जात नाहीत, हे मला माहीत होते. तिकडे लक्ष न देता मी कामाला लागलो. मुद्दाम सकाळी लवकर गेलो होतो. आधी बोनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री केली, कारण गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण काढून बघितले, धूर नाही. ऑइल दुधाळ नाही. दारांची रबरे ओढून आतले स्पॉट वेल्डिंग तपासले, कंपनीचे. काचांवर छापलेली उत्पादनाची वर्षे एकसारखी. बोनेटच्या बोल्टला पाना लागल्याची खूण नाही. ट्रायल मारली, गाडी सरळ रेषेत चालली. मी भाच्याला म्हणालो, "घे, टोकन दे." ४ लाख ३५ हजारांना ठरले.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि गाडीत कुबट वास यायला लागला. मग डाव्या दाराची काच वर जाईना. मग चालत्या गाडीत मीटरचे काटे एकदम खाली पडून पुन्हा वर यायला लागले. एका रविवारी मी पुढच्या दोन्ही सीट उतरवून कार्पेट उचलले. खालचा फोम काढून नवा घातलेला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, वरून काळा रंग मारलेला. आणि वायरिंगचे जाडजूड गुंडाळे जिथून डॅशबोर्डात शिरते, तिथल्या कोपऱ्यात फिकट तपकिरी गाळ. बोटाने पुसला तर मैद्यासारखा मऊ. कृष्णाकाठी जन्म काढलेल्या माणसाला तो कसला गाळ, हे सांगावे लागत नाही. एक कनेक्टर उघडला तर आतल्या पिना हिरव्यागार झालेल्या.

आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. किल्ली फिरवली की मीटरमधले सगळे दिवे एकदा पेटतात आणि मग विझतात. या गाडीत एअरबॅगचा दिवा पेटतच नव्हता. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, जमिनीलगत असतो, त्यामुळे पाणी आले की तो लवकर बुडतो. तो खराब झाला तर दिवा कायम पेटून राहतो. कोणीतरी दिव्याचाच बंदोबस्त केला होता. जानेवारीत मी इंजिनचा आवाज ऐकत बसलो होतो, दिवे मोजले नाहीत. पाच महिने भाचा बायकामुलांना घेऊन त्या गाडीतून हिंडला.

आरसीवर आधीच्या मालकाचे नाव-पत्ता होताच. भाचा पुण्याला जाऊन त्यांना भेटला. डॉक्टर नव्हेत, बँकेतले गृहस्थ निघाले, आणि माणूस सरळ. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत शिरले, त्या दिवशी ही गाडी पार्किंगमध्ये स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती. विमा कंपनीने टोटल लॉस धरला, पैसे दिले. "गाडी कुणीतरी उचलून नेली. माझ्याकडून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. पुढचं मला माहीत नाही," असे ते म्हणाले. गाडी आमच्या नावावर होईपर्यंत मार्च उजाडला, म्हणजे तोवर आठ महिने ती कागदोपत्री त्यांचीच होती. मधल्या काळात तिने कुणाला उडवले असते तर भरपाई याच गृहस्थांच्या गळ्यात पडली असती, कारण कायद्याला नोंदणीतला मालक तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. ऐकून त्यांना घाम फुटला.

संपादक महोदय, माझा मुद्दा इथे सुरू होतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. उरलेल्या सांगाड्याला बोली लागते, आणि बोली लावताना "आरसीसकट" आणि "आरसीशिवाय" असे दोन भाव असतात. आरसीसकटचा भाव जास्त. का जास्त, हे कुणालाही कळेल: भंगारात जाणाऱ्या गाडीला आरसी बुक कशाला लागते? ती आरसी जिवंत राहते म्हणून गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी, असे मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमात आहे. पण दुरुस्त होऊ शकते म्हटले की ते कलम बाजूला पडते.

आम्ही घेण्याआधी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघितला होता. मालक पहिला, बोजा नाही, पीयूसी आहे, विमा चालू. सगळे हिरवे. गाडी पाण्यात गेली होती, याचा तिथे मागमूस नाही. विमा आहे की नाही हे ज्या यंत्रणेला दिसते, तिला त्याच विम्यातून टोटल लॉसचे पैसे दिले गेले हेही दिसू शकते. फक्त एक रकाना वाढवायचा आहे. परिवहन खात्याने आणि विमा कंपन्यांनी मनावर घेतले तर त्यात अवघड काही नाही, आणि माझी मागणी एवढीच आहे.

तोवर लोकांनी माझ्यासारखे नुसते बोनेटमध्ये डोके घालू नये. आधी विम्याची पॉलिसी मागावी. आमच्या गाडीची पॉलिसी नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्याने काढलेली होती, तीही नुसती थर्ड पार्टी. चार वर्षांच्या चांगल्या गाडीचा पूर्ण विमा कोण कशाला सोडेल? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली शेवटची नोंद जून २०२४ ची, पुढे काही नाही. ही दोन चिटोरी शेजारी ठेवली असती तरी खेळ कळला असता. मी सर्व्हिसचा कागद मागितलाच नाही. कागदावरून गाडी ओळखणारे मेकॅनिक आम्ही नव्हेत, अशी घमेंड.

पुरातली गाडी म्हणजे टाकाऊच असेही नाही. २००५ च्या पुरात अडकलेल्या दोन बस आम्ही ऑइल बदलून, स्टार्टर वाळवून, डिझेलची टाकी धुऊन पुन्हा मार्गावर सोडल्या, त्या पुढे कित्येक वर्षे चालल्या. पण त्या बसमध्ये वायरी किती होत्या? आजच्या गाडीत इंजिनपेक्षा वायरिंगच जास्त, आणि हिरवी पडलेली पिन कधी दगा देईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पुरातली आहे असे सांगून, त्या भावात विकली तर माझी तक्रार नाही.

कन्सल्टंटकडे गेलो तर तो म्हणाला, "मामा, मी फक्त मध्यस्थ." कागदांवर त्याचे नाव कुठेच नव्हते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे प्राधिकारपत्र लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की तसे ऑनलाइन कळवावे लागते. त्याच्या भिंतीवर लक्ष्मीचा फोटो होता, प्राधिकारपत्र दिसले नाही.

वायरिंग बदलायचा अंदाज ८५ हजारांचा निघाला, म्हणून भाच्याने गाडी विकायला काढली आहे. पुराचे सांगूनच विकायची, असे मी त्याला बजावले आहे. आतापर्यंत तिघे येऊन गेले, तिघेही ऐकून परत फिरले. गेल्या आठवड्यात एक एजंट दारात आला. म्हणाला, "तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? मला द्या. तुम्ही फक्त २९-३० वर सह्या करा."

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, कराड