उंदीर जिवंत असेल तर पेटीजवळून हलू नकोस

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बॉल पायथन अजगर बरेच दिवस खात नाही आणि आता जिवंत उंदीर सोडून बघावा असं तुझ्या मनात आलंय, हे फोनवर ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

इतकी वर्षं जनावरांवर उपचार करताना सापांच्या फार वाईट जखमा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक उंदरांनी केलेल्या होत्या. घडतं ते असं. पाळणारा रात्री पेटीत उंदीर सोडतो आणि झोपायला जातो. साप भुकेला नसतो, किंवा कात टाकण्यावर आलेला असतो, किंवा पेटी गार पडलेली असते. उंदराला मात्र भूक लागते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे समोर येईल ते तो कुरतडतोच. साप वेटोळं घालून नुसता पडून राहतो, पुष्कळदा प्रतिकारही करत नाही. सकाळी पाहावं तर पाठीवरचे खवले, कातडी, खालचं मांसही गेलेलं. डोळा गेलेलाही मी पाहिला आहे. असा साप वाचला तरी व्रण राहतो, आणि पुढे कात तिथे अडकत राहते.

म्हणून आधी तो का खात नाही ते बघ. पेटीची उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आहे का? थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नकोस, थर्मामीटर लावून मोज. अंग पुरतं लपेल अशी घट्ट जागा त्याला आहे का? डोळे दुधाळ दिसतात का? दिसत असतील तर कात पडेपर्यंत खाणं विसर. मोठा, तब्येतीने चांगला बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो, विशेषतः विणीच्या हंगामात. दर आठवड्याला त्याचं वजन कर आणि लिहून ठेव. वजन टिकून असेल तर घाई करायचं कारण नाही. ते सतत उतरत असेल, तोंडात लाळेचे फेस दिसत असतील किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर उंदीर बदलून उपयोग नाही, त्याला डॉक्टरकडे ने.

एवढं करूनही जिवंत भक्ष्य द्यावंच लागलं, तर लहान दे. सापाचं अंग सगळ्यात जाड असतं तिथल्या जाडीपेक्षा उंदीर मोठा नको. डोळे न उघडलेलं पिल्लू चावत नाही, पण ते लहान सापापुरतंच. उंदीर पेटीत सोडण्याआधी पोटभर खाऊ घाल. बाहेरून पकडलेला कधीच नको, त्याच्या पोटात विष किंवा जंत असू शकतात. लांब चिमटा हातात ठेव आणि तिथेच बसून राहा, फोन बाजूला ठेवून. सापाने डोक्याजवळ पकडलं तर बरं. मागून पकडलं तर उंदराचं तोंड मोकळं राहतं आणि तो विळख्याला चावू लागतो. तेव्हा त्याच्या दातांत चिमट्याचं टोक किंवा लाकडी काडी दे, म्हणजे तो तिला चावेल. मधे हात घालू नकोस. पंधरा-वीस मिनिटांत सापाने लक्ष दिलं नाही तर उंदीर बाहेर काढ. आणि सोनू, तोही जीव आहे. कोपऱ्यात थरथरत तासभर त्याला ठेवणं मला पटत नाही.

खरं सांगायचं तर तू त्याला मेलेल्या, गोठवलेल्या उंदराची सवय लावावीस असं मला मनापासून वाटतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वितळव, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेव. मायक्रोवेव्ह नको, त्यात तो आतून शिजतो किंवा फुटतो. आतून गार राहिला नाही ना, ते दाबून बघ. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, म्हणून उंदराचं डोकं अंगापेक्षा थोडं जास्त गरम कर आणि अंधार पडल्यावर चिमट्याने हळूहळू हलवत दे. विळखा घातल्यावरही उंदराची शेपटी जरा ओढ. बोआ या विळखा घालणाऱ्या सापावर झालेल्या प्रयोगात असं दिसलंय की विळख्यातल्या भक्ष्याचं हृदय धडधडतंय तोवर साप जास्त वेळ आवळतो, म्हणून हालचाल जाणवली की त्याचा विश्वास बसतो. जिवंतावरून थेट गोठवलेल्यावर तो आला नाही, तर मधे ताजा मारलेला देऊन बघ. पुष्कळ साप येतात, काहींना वेळ लागतो.

खाल्ल्यावर ४८ तास त्याला हातात घेऊ नकोस. ओकला तर निदान दहा दिवस काही देऊ नकोस आणि पुढचं भक्ष्य बरंच लहान दे. पुन्हा ओकला तर मात्र डॉक्टर. साबणाने हात धुवायचं लक्षात ठेव, सापावर आणि उंदरावर दोन्हीवर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, गोठवल्याने तो मरत नाही. उंदीर वितळवायचं भांडं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नकोस.

उबदार बाजूचं तापमान आणि वजन आज मोजून मला कळव. पेटीचा एक फोटोही पाठव, लपायची जागा दिसेल असा.

तुझी,
आई