लॅबमधले आयसी थर्माकोलात टोचू नका

माननीय संपादक,
स. न.

शाळांमधल्या टिंकरिंग लॅब, रोबोटिक्स वगैरेच्या बातम्या पेपरात सारख्या येतात, वाचून बरं वाटतं, पण त्या लॅबमधली कपाटं कोणी उघडून बघतं का? मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, शाळांमध्येही जाणं होतं, आणि बऱ्याच ठिकाणी तेच दिसतं, आयसी (चिप) आणि मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) थर्माकोलच्या तुकड्यात टोचलेले आणि बाकी सगळे बारीक पार्ट एका बरणीत ओतलेले. मग सर्किट चाललं नाही की पोरांनाच ऐकावं लागतं, तुमची वायरिंग चुकली म्हणून. पोरं बिचारी परत परत जोडून बघतात आणि मुळात पार्टच मेलेला असतो.

थर्माकोल स्टॅटिक चार्ज धरून ठेवतो. बोटाला झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात आणि काही नाजूक पार्ट १०० व्होल्टच्या आतच जातात, म्हणजे आपल्याला काही कळतही नाही आणि मॉसफेटच्या गेटखालचा ऑक्साइडचा पातळ थर फुटून मोकळा. कधी कधी अर्धवटच मार बसतो, टेस्टिंगला पार्ट नीट चालतो आणि नेमका प्रदर्शनात बंद पडतो. थंडीत विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असते तेव्हा तर जास्तच जपायला हवं. आयसी काळ्या कंडक्टिव्ह (वीज वाहणाऱ्या) फोममध्ये ठेवा, तो नसेल तर पिना स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळल्या तरी चालतं. पार्ट ज्या अँटिस्टॅटिक पिशव्यांत येतात त्यातली गुलाबी पिशवी स्वतः चार्ज तयार करत नाही एवढंच, बाहेरचा झटका ती अडवत नाही, त्यासाठी चंदेरी पिशवीच लागते, तीही भोक न पडलेली आणि तोंड नीट दुमडलेली.

अंगावरचा स्टॅटिक चार्ज अर्थिंगला सोडण्यासाठी मनगटाला लावतात त्या पट्ट्याबद्दल जरा कळकळीने सांगतो. त्याच्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, चुकून २३० व्होल्टला हात लागला तर त्या वाटेने पाव मिलीअँपियरपेक्षाही कमी करंट जावा म्हणून. पट्टा मिळत नाही म्हणून कोणी साधी वायर मनगटाला बांधून अर्थिंगला जोडत असेल तर प्लीज थांबवा, आयसी वाचवायच्या नादात पोराच्या जिवाशी खेळ होईल.

एसएमडी पार्टची (बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायचे बारीक पार्ट) वेगळीच तऱ्हा. ०६०३ साईजचा कपॅसिटर म्हणजे १.६ बाय ०.८ मिलीमीटर, साधारण खसखशीच्या दाण्याएवढा, चिमट्याने जरा जोरात दाबला की टणकन उडतो आणि वर पंखा चालू असेल तर शोधायची सोयच नाही. पंखा बंद करा, कडा असलेल्या पांढऱ्या ट्रेवर काम करा आणि लागतील तेवढेच पार्ट टेपमधून (ते ज्या पट्टीत भरून येतात तिच्यातून) काढा. रेझिस्टरवर निदान १०३ असं काहीतरी छापलेलं असतं (म्हणजे १० किलोओहम), या सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच नसतं, एकदा डब्यात मिसळले की एकेक मीटरवर मोजत बसा. आणि टेपवरचं लेबल आधी कापून टाकू नका, टेप संपेपर्यंत ते त्याच्याबरोबरच राहू द्या.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात स्टॅटिकचा त्रास कमी पण ओल आत शिरते. काही एसएमडी आयसींच्या पाकिटावर एमएसएल ३ (ओलाव्याला किती नाजूक याची पातळी) लिहिलेलं असतं, म्हणजे पाकीट फोडल्यावर ३० डिग्री आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासांच्या आत सोल्डर करायचे, आपल्याकडे जुलैत हवा त्याहून कितीतरी दमट. तसाच ओला आयसी रिफ्लोच्या (सोल्डर वितळवून पार्ट जोडायच्या) भट्टीत घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन आयसी तडकतो. हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, याला खर्च असा किती येतो?

अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, मग खरेदीच्या यादीत थ्रीडी प्रिंटरच्या खाली काळा फोम, चंदेरी पिशव्या, दोन-चार पट्टे एवढंही लिहायला काय हरकत आहे? आणि बटण सेल मात्र कुलपात ठेवा, वापरलेलेसुद्धा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून. २० मिलीमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं, असं झालं तर एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल लगेच गाठा, घरी वाट बघत बसू नका.

– इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिक्षक, नाशिक