आधी सांगा, मग बोलतं करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॉरल इंज्युरीवरचा, म्हणजे आपल्याच नीतीविरुद्ध काही केल्याने किंवा होऊ दिल्याने मनाला होणाऱ्या जखमेवरचा, तुमच्या पुरवणीतला लेख आवडला, पण थेरपीतल्या गोपनीयतेचा मुद्दा एका वाक्यात उरकलाय आणि खरी गोची तर तिथेच आहे. पीटीएसडीत (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) बहुतेकदा आपल्यावर काय ओढवलं ते सांगायचं असतं, इथे सांगायचं असतं ते आपण काय केलं किंवा डोळ्यांदेखत होऊ दिलं. मग तो सैनिक असो, पोलीस असो की एकच व्हेंटिलेटर कुणाला लावायचा हे ठरवावं लागलेला डॉक्टर, हे बोललो तर नोकरी जाईल का, केस होईल का हा हिशोब डोक्यात चालूच. मग माणूस 'माझ्या एका मित्राचं असं झालं' म्हणून सुरुवात करतो आणि नजर थेरपिस्टच्या पेनावर.

ही भीती उगाच नाहीये. अमेरिकेत 1991 मध्ये एका महिला पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने माणूस गेला, नंतर तिने काउन्सेलिंग घेतलं, मृताच्या घरच्यांनी दावा लावला आणि सेशनच्या नोट्सच मागितल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 1996 च्या जाफी विरुद्ध रेडमंड निकालात 7-2 ने ठरलं की फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टात हे बोलणं उघड करायला लावता येणार नाही. घरच्यांना सत्य कळायला नको का? कळायलाच हवं, पण ते काम तपासाचं. आणि कोर्टाचंही म्हणणं साधारण हेच होतं की संरक्षण नसेल तर असं कुणी बोलणारच नाही, मग पुरावा तरी येणार कुठून.

कुणाच्या जिवाला पुढे धोका असेल तर थेरपिस्टने गप्प बसू नये हे मान्यच, पण झालेल्या गोष्टीची कबुली आणि पुढची धमकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात परत मुलांवरच्या अत्याचारासारखं काही असेल तर बऱ्याच ठिकाणी झालेलंही कळवावंच लागतं. म्हणून कुठपर्यंत गुप्त राहील आणि कुठे नाही, हे पहिल्या सेशनलाच तोंडी, साध्या भाषेत सांगायला हवं, नाहीतर फॉर्मवर बारीक अक्षरात असतंच की, सही करताना वाचतंय कोण! आणि पेशंट ज्या खात्यात नोकरीला आहे तेच खातं थेरपिस्टचा पगार देत असेल तर फाइल कोणकोण उघडू शकतं हेही तेव्हाच सांगा.

पुढच्या लेखासाठी थेरपिस्टना एक नक्की विचारा, ग्रुप थेरपीत खोलीतले बाकीचे पेशंट काही व्यावसायिक नियमांनी बांधलेले नसतात, त्यांनी बाहेर तोंड उघडलं तर काय करता?

आपला,
एक नियमित वाचक