संस्थेत सहीचा अधिकार महिलांकडे कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च महिना आला की सामाजिक संस्थांमधल्या कर्तबगार महिलांचे सत्कार होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण बालवाड्या, वसतिगृहे, आरोग्याची आणि बचत गटांची कामे करणाऱ्या संस्थांचे दप्तर हाताळताना जे दिसते ते सत्काराच्या बातमीत येत नाही, म्हणून हे पत्र. गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्या बहुतेक महिलाच असतात, कधी अध्यक्षही महिला असतात. चेकवर मात्र कधीच पायउतार झालेल्या कोषाध्यक्षांची सही चालू असते.

दर वेळी यामागे कुणाचा वाईट हेतू असतो असे नाही. घोडे अडते ते बहुधा धर्मादाय कार्यालयातल्या, म्हणजे विश्वस्त संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या नोंदीवर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार विश्वस्त मंडळात बदल झाला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो. तो मंजूर झाल्यावरच नवी नावे परिशिष्ट 1 वर, म्हणजे कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदपत्रकावर चढतात. बँक मागते ती याच परिशिष्टाची ताजी नक्कल. तिच्यात नाव नसेल तर सभेचा ठराव कितीही चोख असला तरी सह्या बदलायला बँक तयार होत नाही. त्यातून मागच्या निवडणुकीचा रिपोर्ट प्रलंबित असेल, तर ज्या मंडळाने ही निवडणूक घेतली तेच नोंदीवर नाही, असा पेच पडतो आणि एकावर एक रिपोर्ट साचत जातात. मग सोयीचा मार्ग म्हणून जुन्या पदाधिकाऱ्यांकडून कोऱ्या चेकांवर आगाऊ सह्या घेऊन ठेवल्या जातात. काम नवी अध्यक्ष करते, पैसा जुन्या सहीने हलतो. चेक हरवला किंवा भलत्याच कामाला वापरला गेला, तर जाब कुणाला विचारायचा हे कुणालाच सांगता येत नाही.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. निवडणुकीच्या सभेची सूचना संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, दिलेल्या मुदतीआधी काढावी. ती प्रत्येक सभासदाला मिळाल्याची पोच, म्हणजे वहीतली सही किंवा टपालाची पावती, त्याच दिवशी फाइलला लावावी. रिपोर्ट रखडतो तो बहुतेक वेळा याच एका कागदापायी. व्हॉट्सॲपवरचा निरोप घटनेत मान्य केलेला नसेल, तर त्यावर विसंबू नये. हजेरीपत्रक, ठरावाची नक्कल, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, मावळत्यांचे ना हरकत पत्र आणि प्रतिज्ञापत्र हे सारे सभेनंतरच्या पंधरवड्यात गोळा करावे. नंतर मावळते पदाधिकारी भेटत नाहीत, भेटले तर नाराज असतात. 90 दिवस उलटले की विलंब माफीचा अर्ज आणि त्याची कारणे यांची भर पडते.

महिलांच्या बाबतीत आणखी एक अडचण हमखास येते, ती म्हणजे नावाची. पॅनकार्डावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि संस्थेच्या ठरावात घरगुती वापरातले. पुरुष विश्वस्ताला हा प्रश्न आयुष्यात कधी पडत नाही. बँकेचे केवायसी इथे अडते, आयकराच्या पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्ती म्हणून नोंदणी करतानाही अडते आणि ‘जाऊ द्या, सरांचेच नाव राहू दे’ असा तोडगा निघतो. तेव्हा उमेदवारी ठरतानाच तिन्ही कागद समोर ठेवावेत. फरक असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी घेऊन आधी पॅन आणि आधार जुळवावे, मगच ठरावात नाव लिहावे, तेही पॅनवर आहे तसेच. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक कुणाचा आहे हेही पाहावे. तो पतीचा किंवा मुलाचा असेल तर ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि संस्थेचा व्यवहार घरातल्या माणसाच्या सवडीवर चालतो. क्रमांक बदलणे हे आधार केंद्रावरचे एका फेरीचे काम आहे.

सभेचे कामकाजही बारकाईने पाहण्याजोगे असते. विषयपत्रिकेवर अहवाल वाचन, महिला मेळावा, सहल असे विषय येतात आणि जमीन, बांधकाम, नेमणुका हे ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयां’त उरकले जातात. तोवर शेवटची एसटी गाठायची म्हणून निम्म्या महिला उठलेल्या असतात. पैशाचा विषय सूचनेत आधी छापलेला नसेल तर त्यावर ठराव करायचा नाही, असे पोटनियमात लिहून घ्यावे. सभा दुपारी 12 ते 3 मध्ये घ्यावी, प्रवासखर्च त्याच दिवशी द्यावा. इतिवृत्त सभा संपायच्या आत मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सह्या घ्याव्यात. चार महिन्यांनी लिहिलेल्या प्रोसिडिंग बुकावर ‘ताई, इथे फक्त सही करा’ म्हणत केलेली सही कायद्याच्या दृष्टीने पूर्ण जबाबदारीची असते. विश्वस्त म्हणून उत्तरदायित्व येते तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव टिकत नाही.

आमच्या मते अध्यक्षपदापेक्षा कोषाध्यक्षपद महिलांकडे जाणे अधिक महत्त्वाचे आहे. बचत गटाची कर्ज खतावणी आणि पासबुक वर्षानुवर्षे सांभाळलेल्या बाईला रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, नवी नसते. नवे असते ते एवढेच, की इथे प्रत्येक देणगीदाराचा पैसा निराळा ठेवावा लागतो. एका प्रकल्पाचा हप्ता लांबला म्हणून दुसऱ्या प्रकल्पाच्या निधीतून पगार दिले, की ऑडिटमध्ये ते उघडे पडते आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, अडकते. दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रोजकीर्द, बँकेचे स्टेटमेंट आणि व्हाउचर यांचा ताळमेळ तिने स्वतः बसून घालावा. लेखनिकाने तयार केलेल्या कागदावर नुसती सही करू नये. 31 मार्चला हिशेब बंद झाल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात जायला हवा. पदभार घेण्याआधी एक पूर्ण वर्ष सहकोषाध्यक्ष म्हणून काम केले असेल, तर ही सारी वळणे एकदा पाहून झालेली असतात. खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवाव्यात, त्यात कोषाध्यक्षांची सक्तीची.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. पदाधिकाऱ्याने मानधन घेऊ नये, असे कलम अनेक संस्थांच्या घटनेत असते. हेतू चांगला आहे, पण परिणाम असा होतो की वीस वर्षे वस्तीत काम केलेल्या कार्यकर्तीला मंडळावर यायचे तर पगार सोडावा लागतो. तो सोडणे तिला परवडत नाही. निवृत्तिवेतन असलेल्या गृहस्थांना परवडते. आयकर कायद्याने विश्वस्ताला प्रत्यक्ष केलेल्या कामाचा वाजवी मोबदला देण्यास मनाई केलेली नाही. रक्कम कामाच्या मानाने अवाजवी नसावी, एवढे पाहिले जाते. सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करून, मोबदल्याच्या ठरावावर तिने मत द्यायचे नाही अशी अट घालून हा अडसर काढता येतो.

घटनेतल्या एका कलमाने किती फरक पडतो, हे पाहायला लांब जायला नको. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडच्या संस्थेत सभासदत्व फक्त महिलांना आहे. पुरुष नोकरीस असू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी कायद्यानेच राखीव आहेत. नोंदणीकृत सामाजिक संस्थांनी कायद्याची वाट न पाहता आपल्या घटनेत निम्म्या जागा, त्यात कोषाध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक पद, आणि सलग दोनच मुदती असे कलम घालावे.

धर्मादाय कार्यालयांकडे दोन मागण्या आहेत. चेंज रिपोर्टसोबत लागणाऱ्या कागदांची मराठी यादी प्रत्येक जिल्हा कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावी. आणि नावातल्या फरकासाठी कोणता पुरावा चालेल हे एकदाच लेखी ठरवून द्यावे, म्हणजे प्रत्येक तारखेला नवा कागद मागितला जाणार नाही.

आपल्या,
सामाजिक संस्थांच्या हिशेब व नोंदणीचे काम पाहणाऱ्या काही कार्यकर्त्या, पुणे