‘गैरसमज’ नेमका कुठे झाला, तेही छापा

संपादक महोदय,

विमान उतरताना काही विपरीत घडले की ‘वैमानिकाने एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) सूचना चुकीची ऐकली’ या एका ओळीत बातमी आटोपते. ही निम्मीच हकिकत. उंची, दिशा, धावपट्टीचा क्रमांक, क्यूएनएच (उंची दाखवणाऱ्या आल्टिमीटरला लावायचा हवेचा दाब) आणि उतरण्याची परवानगी वैमानिकाने परत म्हणून दाखवायची असते. याला रीडबॅक म्हणतात. नुसते ‘रॉजर’ (म्हणजे ‘ऐकले’) चालत नाही. हा रीडबॅक कान देऊन ऐकणे आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करणे हे नियंत्रकाचे काम. चुकीचे ऐकलेले वाक्य अपघातापर्यंत पोचते तेव्हा बहुधा दोन्ही टोकांना काहीतरी सुटलेले असते.

१९ फेब्रुवारी १९८९. ‘फ्लाइंग टायगर’चे मालवाहू बोइंग ७४७ क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे येत होते. नियंत्रकाला २,४०० फूट सांगायचे होते. तो म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’. त्यातला ‘टू’ हा दोनचा आकडा होता. कॉकपिटमध्ये तो ‘पर्यंत’ म्हणून ऐकला गेला. उत्तर आले, ‘ओके, फोर झिरो झिरो’. म्हणजे ४०० फूट! चूक उघड्यावर पडली होती, पण ती कोणी पकडली नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा यंत्रणा देत राहिली, तोही मानला गेला नाही. विमान टेकडीवर आदळले आणि चौघेही कर्मचारी गेले. हीच सूचना ‘डिसेंड टू आल्टिट्यूड टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ अशी दिली तर संशयाला जागाच उरत नाही. पण गर्दीच्या वेळी वाक्ये आखूड करण्याचा मोह आजही दोन्ही बाजूंना होतो.

कधी शब्द नीट ऐकू येतात, अर्थ मात्र वेगवेगळे लावले जातात. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणाऱ्या टीडब्ल्यूए कंपनीच्या ५१४ क्रमांकाच्या विमानाला सुमारे ४४ मैलांवरच ‘क्लिअर्ड फॉर ॲप्रोच’ (उतरण्यासाठी विमानतळाकडे यायची परवानगी) मिळाले. वैमानिकांनी त्यावरून आता १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही असे धरले. नकाशावर त्या टप्प्यासाठी ३,४०० फूट छापलेले होते आणि कॉकपिटमध्ये त्यावर बोलणेही झाले. पण धोका असता तर नियंत्रकाने उंचीचे बंधन घातले असते, हा समज जिंकला. डोंगरावर ९२ जण गेले. त्यानंतर अमेरिकेत नियम पक्का झाला की नकाशावर छापलेल्या मार्गावर येईपर्यंत कोणती उंची राखायची, हे ॲप्रोचची परवानगी देतानाच सांगायचे.

मुंबईत दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. पुढचे विमान धावपट्टी सोडेपर्यंत मागच्याला ‘कंटिन्यू ॲप्रोच’ सांगतात. ही उतरण्याची परवानगी नव्हे. पण रोज त्याच जागी ‘क्लिअर्ड टू लँड’ ऐकायची सवय झालेला कान न मिळालेली परवानगीही ऐकतो. त्यात दोघांनी एकदम बटण दाबले तर फ्रिक्वेन्सीवर नुसती किंचाळी. शंका आली की ‘से अगेन’ (पुन्हा सांगा), आणि परवानगी नसेल तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणे. यात कमीपणा कसला?

रीडबॅक हा सगळ्यावर उतारा आहे असेही मानू नये. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर नियंत्रकानेच क्यूएनएच १००१ ऐवजी १०११ सांगितला. वैमानिकांनी तो इमानेइतबारे परत म्हटला. एका हेक्टोपास्कलला (हवेच्या दाबाचे एकक) साधारण २८ फूट या हिशेबाने एअरबस ए-३२० विमान आल्टिमीटर दाखवत होते त्यापेक्षा प्रत्यक्षात सुमारे २८० फूट खाली चालले होते. त्या धावपट्टीचे आयएलएस (उतरताना रेडिओ संकेतांनी वाट दाखवणारी यंत्रणा) बंद होते आणि उतरणीचा मार्ग आल्टिमीटरवरच बेतलेला होता. पावसात धावपट्टी दिसेना. गो-अराउंड करताना विमान धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे, जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर होते. इथे ताळा घ्यायची जागा म्हणजे एटिस, अर्थात विमानतळाचा ध्वनिमुद्रित हवामान-संदेश. नियंत्रकाचा आकडा त्याच्याशी जुळला नाही तर आधी विचारायचे, मग आकडा लावायचा. पावसाळ्यात मुंबईचा क्यूएनएच हजाराच्या आसपास घुटमळतो तेव्हा ‘वन झिरो झिरो टू’ आणि ‘वन झिरो वन टू’ यांत फार अंतर राहत नाही.

तेव्हा अशा बातमीत तीन ओळी मिळाल्या तर जरूर छापाव्यात: नियंत्रकाचे मूळ वाक्य, वैमानिकाने परत म्हटलेले वाक्य, आणि त्यावर नियंत्रक काय बोलला. पहिल्या दिवशी त्या मिळणार नाहीत. पण अंतिम चौकशी अहवालात संभाषणाचा उतारा पुष्कळदा असतो आणि एएआयबी (विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) आपले अहवाल संकेतस्थळावर ठेवते. तोवर ‘वैमानिकाची चूक’ हा मथळा थांबवता येईल का?

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई