डबा बाहेर नेऊन खा, असं मी त्याला म्हणाले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत आली. कापणी झालेल्या खाचरात कातकरी आदिवासींची चार-पाच पोरं बांध खणतायत. एकाने उंदीर शेपटीला धरून वर केलाय आणि चित्रण करणारा माणूस मागून खिदळत विचारतोय, "काय रे, चिकन परवडत नाय का?" गटावर काहींनी ओकारीचे चेहरे टाकले. काहींनी लिहिलं, "बिचारे, काय वेळ आली आहे यांच्यावर." हसणाऱ्यांचा मला राग आला, कळवळणाऱ्यांचाही आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात, त्यातली निम्मीअधिक सुधागड तालुक्यात झाली. माझ्या एका शाळेत कातकरवाडीची बारा-पंधरा मुलं पटावर असायची. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघाले की त्यातली निम्मी गळायची. उरलेल्यांत तिसरीतला एक मुलगा होता. पाढे मला त्याच्याइतके कुणी म्हणून दाखवले नाहीत. एक दिवस मधल्या सुट्टीत वर्गात एकच ओरडा झाला म्हणून मी धावत गेले. त्याने सागाच्या पानात भाजलेला उंदीर बांधून आणला होता. सोबत तांदळाची भाकरी, मीठ आणि एक भाजलेली मिरची. बाकीची मुलं बाकांवर चढून "शी, शी" करत होती. तो मात्र हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून माझ्याकडे बघत होता. बाई आता यांना गप्प करतील, असं त्याला वाटलं असणार. मी म्हणाले, "हे शाळेत आणायचं नाही. बाहेर नेऊन खा." त्याने पान गुंडाळलं आणि तो भिंतीमागे जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

हे मी केलं, आणि माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. आम्ही आगरी. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या पकडून, राखेने चोळून, आंबट तिखटात शिजवून खाणारी माणसं. डी.एड.ला पुण्यात होते तेव्हा माझा सुकटीचा डबा खोलीतल्या मुलींनी व्हरांड्यात नेऊन ठेवला होता. "वास मरत नाही" म्हणाल्या. मी चार महिने घरून काही आणलं नाही. निवटी कशी दिसते हे मी त्यांना कधी सांगितलंसुद्धा नाही. असं असून त्या पोराच्या पानाकडे बघताना मला माझा डबा आठवला नाही. आठवला तो रात्री, अंथरुणावर.

चौथ्या दिवशी मी वाडीवर गेले. झोडणी नुकतीच झाली होती. मुलगा, त्याचा बाप आणि काका बांधावरच होते. बिळाची बाकीची तोंडं दगड-मातीने बुजवून एका तोंडाशी मडक्यात पेंढा पेटवला होता आणि मडक्याच्या बुडाला पाडलेल्या भोकातून बाप धूर आत फुंकत होता. मुलगा जमिनीला कान लावून पडला होता आणि हाताने खूण करत होता, इकडे खणा, इकडे. तीन मोठे उंदीर निघाले. मागोमाग बिळाच्या कोठीतून सूपभर लोंब्या निघाल्या. उंदरांनी शेतकऱ्याच्या खाचरातून ओढून नेलेलं ते भात त्याच्या आजीने पाखडून वेगळं ठेवलं. उंदीर आरावर धरून केस जाळले, पातं फिरवून साल पांढरं केलं, पोट साफ केलं, मीठ-मसाला लावून पुन्हा आरावर. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चुरचुरला. वास खमंग होता, अगदी भाजलेल्या कोंबडीचा. मला तेव्हाही पोटातून ढवळून आलं. आजीने पान पुढे केलं, "बाई, खाशील?" मी नाही म्हटलं, कोरा चहा घेतला. माझी किळस खोटी नव्हती, आजही नाही. मी आजवर उंदीर खाल्लेला नाही आणि खाईन असं वाटतही नाही.

पण मग मी तिला विचारलं, तुम्ही कायकाय खाता? ती बोटांवर मोजत सांगत गेली. खेकडे, मुठे, मळ्याचे मासे, रानडुक्कर मिळालं तर, ससा, होले. मी म्हटलं, माकड? तिने असा चेहरा केला की मला माझी सुकट बाहेर ठेवणारी मैत्रीण आठवली. "वानर नाय खात आमी. ते आमच्यातले." कातकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे की आपण रामाच्या वानरसेनेतले. म्हणजे किळस तिलाही होती, आणि तिला तिचं कारण होतं. कातकऱ्यांतही पोटशाखा आहेत. सोन कातकरी गाईचं मांस खात नाहीत, ढोर कातकरी खात, म्हणून सोन कातकरी त्यांना खालचे मानत आले. कुणाच्या ताटात काय आहे यावरून माणूस खालचा ठरवणं ही मक्तेदारी एकट्या गावातल्या आळीची नाही. मी आगरी असून तेच केलं, एवढंच.

लहान मूल काहीही तोंडात घालतं. माती, मुंगी, खडू. काय थुंकायचं हे त्याला आईच्या चेहऱ्यावरून कळतं. जवळा म्हणजे डोळे-मिशांसकट अख्खा खायचा जीव. चिंबोरीला दहा पाय असतात, आणि तिचा नांगा फोडून चोखताना आमच्या घरी कुणी बोलत नाही. झुरळ आणि कोळंबी प्राणिशास्त्रात एकाच संधिपाद संघातली, हे सातवीच्या मुलालाही सांगता येईल. तरी एक दिसलं की आपण चप्पल शोधतो आणि दुसरी दिसली की नारळ.

आमच्या त्याच व्हॉट्सॲप गटावर मागे कुणीतरी मोठ्या कौतुकाने एक बातमी पाठवली होती. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. टाळ्यांचे हात आले. तशीच चटणी आपल्या गडचिरोलीत माडिया आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वाटतात. मुंग्यांचं घरटं झाडावरून पानांसकट उतरवायचं आणि मुंग्या-अंडी मिरची-मिठाबरोबर पाट्यावर वाटायची. तिला टाळ्या मिळालेल्या मी ऐकल्या नाहीत. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अहवाल काढला की जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १९०० च्या वर आहेत. २०२१ मध्ये युरोपीय संघाने वाळवलेल्या पिवळ्या अळीला माणसाचं खाद्य म्हणून मान्यता दिली. तेव्हा तीच अळी "भविष्यातलं प्रथिन" झाली. प्रमाणपत्र आलं की पदार्थ, वाडीवर असला की "शी". हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनीच मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं होतं. सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं. पण ते सांगणारा माणूस त्या समाजातला होता, आणि ज्या मांसाबद्दल सांगत होता ते गावाने गळ्यात घातलेल्या कामाबरोबर आलेलं होतं. सोडायचं की नाही हा निर्णय त्या लोकांनी स्वतःच्या मानासाठी घेतला. बांधावर उभं राहून मोबाइल रोखणाऱ्याचं हसणं त्या तोलाचं कसं होईल? बिहारमध्ये मुसहर या दलित समाजाचं नावच उंदीर खाण्यावरून पडलेलं आहे. त्या समाजातले जीतन राम मांझी २०१४ साली मुख्यमंत्री झाले आणि आपण उंदीर खाल्ल्याचं त्यांनी उघड सांगितलं. मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

आणि दया करणाऱ्यांनाही मला सांगायचंय. वाडीवर भूक आहे, कुपोषण आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, पटावरच्या मुलांची वजनं मीच लिहायचे. पण कापणीनंतरचा उंदीर हे उपासमारीचं खाणं नव्हे. तो भातावर पोसलेला असतो. ते दिवस वाडीवर चवीने खायचे दिवस असतात, आपल्याकडे हुरड्याचे असतात तसे. जुनी माणसं उंदीर नवमी पाळायची. त्याला "बिचारे" म्हटलं की त्यांच्या सणावर आपण दुखवट्याचं पांढरं घालून जातो.

सगळंच खाण्याची मुभा असावी असं मात्र माझं म्हणणं नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिला मारणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. पहिल्या पावसात गोव्यात आणि कोकणात बेडूक धरतात, तेही बंद व्हायला हवं. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ सालीच थांबवली, कारण बेडूक संपले की शेतात कीड माजते. तिथे प्रश्न प्राणी उरण्याचा आहे. उंदराबाबत तसं काही नाही.

उंदराबाबत खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल गटावर कुणी एक शब्द लिहिला नाही. शेतकरी बिळात झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारायचं विषारी औषध टाकतात. औषध खाऊन सुस्तावलेला उंदीर हाताला पटकन लागतो. शिवाय आमच्याकडे लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचे रुग्ण असतात, त्यामुळे हाताला जखम असताना बीळ खणणं, उंदीर साफ करणं वाईटच. हे वाडीवर जाऊन कोण सांगतं? ज्याला खरंच कळवळा आहे त्याने औषध टाकायच्या आदल्या दिवशी वाडीवर एक निरोप द्यावा. आशाताईंनी हातमोज्यांचा आणि जखमेचा विषय काढावा, नाक न मुरडता.

तो मुलगा शाळेत परत आला. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली नव्हती, ते धाडस मला झालं नाही. फक्त त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी मुलांबरोबर बसून माझा डबा खायला लागले, कधी सुकट, कधी बोंबील. तो चौथीपर्यंत टिकला, मग भट्टीवर गेला. गेल्या वर्षी तो मला पालीच्या एसटी स्थानकात भेटला. बायको-मुलगी बरोबर होती, मुलगी सहावीत. पाया पडला. मी त्याला विचारलं, अजून उंदीर भाजता का? त्याने आधी मुलीकडे पाहिलं, मग आजूबाजूला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाजतो बाई. पण दार लावून. पोरगी खात नाय, शाळेत हसतात म्हणते."

संपादक महोदय, दरवर्षी हिवाळ्यात एखाद्या ना एखाद्या वर्तमानपत्रात "उंदीर खाऊन जगणारी माणसं" असं काहीतरी छापून येतं. या वर्षी आपल्याला वाडीवर वार्ताहर पाठवायचा असेल तर झोडणी झाल्यावर पाठवा. आधी वाडीवर विचारून ठेवावं लागेल, ते मी करीन आणि सोबतही येईन. छायाचित्रकाराने शेपटीला धरलेला उंदीर काढू नये. बिळाच्या कोठीतून निघालेलं भात पाखडणाऱ्या बाया काढाव्यात, आणि मसाल्यात काय काय घातलं ते त्यांनाच विचारून, त्यांच्याच शब्दांत छापावं.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
सुधागड, जि. रायगड